एका दोरीवर दोघी

२ फेब्रुवारी

आज लॅबमध्ये माझ्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलेलं पाहिलं आणि घरी येऊन एका हिमशिखराच्या चढाईचं बुकिंग करून टाकलं. खरं कारण एवढंच. नवऱ्याला मात्र सांगितलं, की खूप वर्षं मनात होतं.

रक्ततपासणीची ती लॅब मी वाढवली, अगदी दोन खोल्यांची होती तेव्हापासून. आता एका मोठ्या कंपनीने ती घेतली आणि नवी प्रमुख माझ्या भाचीच्या वयाची आहे. फार गोड बोलते. "मॅडम, तुमचा अनुभव आम्हाला हवाच आहे," म्हणाली आणि मला मागच्या खोलीत, नमुन्यांच्या फ्रीजशेजारी टेबल दिलं. फ्रीज दिवसभर घरघरतो. मीही.

शिखर नवशिक्यांना जमणारं आहे. सहल नेणाऱ्या माणसाने फोनवर सांगितलं, चढाईचा अनुभव नसला तरी चालतं, पाय आणि फुप्फुसं धड हवीत, बर्फात चालायचं कसं ते तिथे शिकवतात. वर पोचल्यावर हातात आइस-अ‍ॅक्स, म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, घेऊन फोटो काढायचा आणि मोठा करून त्या फ्रीजच्या वर लावायचा, हे माझं बुकिंगच्या आधीच ठरलंय.

अडचण एकच. एका गाइडच्या दोरीवर दोघं लागतात. मैत्रिणींना विचारलं तर एकीची कंबर आडवी आली, एकीच्या सुनेचं बाळंतपण. नवरा म्हणाला, "माझ्याकडे बघू नकोस, मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं." मग जरा थांबून म्हणाला, "बेबीला घेऊन जा की."

मी हसले. तो हसला नाही.

५ फेब्रुवारी

बेबी म्हणजे माझी नणंद. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी घरात बेबीच. लग्न केलं नाही. सकाळी पोहण्याच्या तलावावर बायकांना आणि लहान मुलांना पोहायला शिकवते, उरलेला दिवस सासूबाईंचं करते. सासूबाई वॉकर धरून खोलीपुरत्या चालतात. त्यांच्या उशाशी एक घंटा असते, ती वाजली की बेबीने जायचं. माझ्यापेक्षा वयाने मोठी, म्हणून मी तिला तोंडावर अहोजाहो करते, मनात अगंतुगं. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण गॅस संपला आणि दूध उतू गेलं यापलीकडे आमचं बोलणं फारसं गेलेलं नाही.

नाही म्हणेल या भरवशावरच विचारलं. ती तलावावरून नुकतीच आली होती, खांद्यावर ओला टॉवेल. "मला? खरंच मला विचारतेयस, वहिनी?" म्हणाली आणि टॉवेलची घडी घालू लागली. घातली, मोडली, परत घातली. "आईचं काय पण?"

नवरा म्हणाला, "मी रजा काढतो, एक बाई ठेवतो मदतीला. माझीही आई आहे ना ती."

"मी बर्फ पाहिलेलाच नाही कधी," ती म्हणाली. आणि लहान पोरीसारखी हसली.

झालं. आता हिला घेऊन डोंगर चढायचा.

११ मार्च

सराव जोरात. मी जिममध्ये रीतसर ट्रेनर लावलाय. बेबीताई पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी घेऊन तलावावरच्या उडी मारायच्या मनोऱ्याच्या पायऱ्या चढते नि उतरते. आज मी बघायला गेले, तर चढता चढता तिथल्या पहारेकऱ्याशी त्याच्या दातदुखीबद्दल गप्पा चालल्या होत्या. दम म्हणून लागलेला नाही. मला वरच्या टप्प्यावर कठडा धरून उभं राहावं लागलं.

"श्वास सोडताना घाई करू नकोस, वहिनी," ती म्हणाली. "घ्यायचं आपोआप होतं. सोडायचं शिकावं लागतं."

पोहण्याचं आणि डोंगराचं काय सारखं असतं? मी तिला सांगितलं, बडबड कमी केलीत तर वर श्वास वाचेल.

२४ एप्रिल

चालायला सुरुवात. गाइड कमी बोलणारा, चाळिशीचा, उन्हाने गालांची साल निघालेला माणूस आहे. बरोबर एक स्वयंपाकी आणि सामान वाहणारे. पहिल्याच दिवशी बेबीताईला सगळ्यांच्या घरची माहिती झाली. कुणाला किती मुलं, कुणाची पाठ दुखते. मी पुढे गाइडच्या मागोमाग चालले. सहलीचं सगळं मी जमवलं, तेव्हा पुढे मीच चालायचं हे ओघानेच आलं.

संध्याकाळी नदीच्या काठी तंबू. बेबीताई गार पाण्यात गुडघ्याएवढी जाऊन उभी राहिली. आम्ही हाका मारल्या तरी बराच वेळ बाहेर आली नाही.

२७ एप्रिल

आज मुक्काम हलवला नाही, अंगाला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. गाइड सकाळ-संध्याकाळ बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजतो. बेबीताईचा आकडा छान, माझा जरा कमी. मी त्याला सांगितलं की गार बोटांवर हे यंत्र दगा देतं. आयुष्य गेलंय माझं अशा यंत्रांत. तो म्हणाला, "असेल. पण उद्या परत बघू."

डोकं किंचित जड आहे. पाणी कमी पडत असेल. एक गोळी घेतली.

बेबीताईने विचारलं, "वहिनी, डोकं दुखतंय का?" नाही म्हटलं. तिला प्रत्येकाची चौकशी करायची सवयच आहे, घरी ती घंटा ऐकून ऐकून लागलेली.

३० एप्रिल

बेस कॅम्प. दगडांचं पटांगण आणि समोर आमचं शिखर. फोटोत दिसतं त्याहून मऊ दिसतं, उशीसारखं. मग दुर्बिणीतून माथ्याखालची शेवटची बर्फाची भिंत पाहिली आणि दुर्बीण लगेच खाली ठेवली.

दुपारी जवळच्या हिमनदीवर शिकवणी झाली. बुटांखाली लोखंडी दात बांधायचे, त्यांना क्रॅम्पॉन म्हणतात. पाय फाकवून चालायचं, नाहीतर दात दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतात. दोरीला एक पकड लावायची, ती वर सरकते पण खाली घसरत नाही. तिच्यावर भार टाकत चढायचं. माझं दर वेळी काहीतरी अडकत होतं. बेबीताईने एकदा पाहिलं आणि चढून गेली. वरून ओरडली, "वहिनी, अगं हे तर पाण्यात चालल्यासारखंच आहे! जोर लावूच नकोस!"

गाइड हसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मला का कोण जाणे, ते आवडलं नाही.

जेवताना तिला विचारलं, की तुम्हाला नक्की काय करायचंय वर जाऊन? बोलायला विषय हवा म्हणून. ती सूप ढवळत राहिली. मग म्हणाली, "बसायचंय. नुसतं. कुणाचीही हाक ऐकू येणार नाही अशा जागी एकदा बसून बघायचंय."

"शिखरावर फोटोपुरतंच थांबू देतात," मी म्हटलं.

"तेवढं पुरे."

२ मे

उद्या वरच्या कॅम्पला निघायचं. संध्याकाळी गाइड आमच्या तंबूत येऊन बसला. एवढं सलग बोलताना त्याला मी पहिल्यांदा ऐकलं.

"डोकं दुखत असेल, मळमळत असेल, झोप लागत नसेल, तर आत्ता सांगा. बेस कॅम्पला थांबण्यात कमीपणा काही नाही. इथे स्वयंपाकी आहे, माणसं आहेत. एक जण थांबलं तर दुसऱ्याला मी वर नेऊ शकतो. पण वर गेल्यावर तसं नाही. तिथे एक वळला की दोरीवरचे सगळे वळले."

बेबीताई म्हणाली, "मला काही नाही." मग तिने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "मलाही काही नाही."

थोडंफार आहेच. कपाळात ठोके पडतात, सकाळी खाल्लेलं पोटात राहिलं नाही. पण इतक्या उंचीवर हे सगळ्यांनाच होतं, पुस्तकात लिहिलेलं आहे. चिमटा लावायच्या आधी तंबूमागे जाऊन भराभरा खोल श्वास घेतले. आकडा चांगला आला. ही काही फसवणूक नव्हे; श्वास माझेच होते.

गोळ्यांचं पाकीट उशीखाली ठेवताना बेबीताईचं लक्ष होतं असं वाटलं. बोलली काही नाही. बरंच झालं.

इथवर येऊन तंबूत पडून राहायचं, आणि वर जायचं तिने? लॅबमध्ये काय सांगू, की माझी नणंद चढली?

४ मे

वरचा कॅम्प. वारा. पेन धरवत नाही. बेबीताईने बूट काढून दिले. सूप पाजलं. परत विचारलं. नाही म्हटलं. पहाटे निघायचं.

६ मे

बेस कॅम्प. वर पोचलो नाही.

आठवतं तसं लिहिते. अंधारातच निघालो होतो. गाइड पुढे, मधे मी, मागे बेबीताई. मला फक्त बुटांचा करकर आवाज आठवतो, आणि मागून येणारा तिचा लांब, सावकाश श्वास. त्याच्या तालावर मी कितीतरी वेळ पाय टाकत होते. उजाडलं तेव्हा शेवटच्या भिंतीच्या पायथ्याशी होतो. आभाळ काचेसारखं निळं, वारा पडलेला. भिंतीवर आधीच्या लोकांनी बांधलेली दोरी सरळ वर गेलेली, त्यावर थोडी चढती धार आणि मग माथा. माथ्यावर कुणीतरी रोवलेली काठी इतकी स्पष्ट दिसत होती की हात लांबवला तर धरता येईल.

मला पकड दोरीला लावता येईना. बोटं ऐकत नव्हती. मी दोनतीनदा प्रयत्न केला आणि मग मला हसू आलं, का ते माहीत नाही. गाइडने माझा गॉगल वर करून डोळे पाहिले. "या ओळीवर चालून दाखवा," म्हणाला आणि बर्फात कुऱ्हाडीने रेघ मारली. मी चालले. सरळच चालले. वळून पाहिलं तर माझी पावलं रेघ सोडून भलतीकडे गेली होती. मग उलटी झाली.

"खाली. लगेच," गाइड म्हणाला.

बेबीताई त्याला म्हणाली, "मी इथेच थांबते. तुम्ही हिला कॅम्पवर सोडून या. मी हलणार नाही, इथेच बसून राहीन."

"एकटीला सोडता येत नाही. आणि मी परत येईपर्यंत ऊन चढेल, भिंतीवरचा बर्फ सुटायला लागेल."

"मला भिंतीच्या अर्ध्यापर्यंत तरी नेता येईल?"

"नाही, ताई."

तिने एकदा वर पाहिलं. मग माझ्याजवळ आली, माझा सुटलेला हातमोजा मनगटावर घट्ट केला आणि म्हणाली, "चल, वहिनी."

उतरताना ती पुढे, मी मधे, वरून धरायला गाइड. एका उतारावर माझ्या बुटाचे दात पँटमध्ये अडकले आणि मी घसरले. दोरी ताणली जाईपर्यंत मी तिच्या अंगावर जाऊन आदळले होते. तिने पाय रोवला म्हणून दोघी थांबलो. कट्‌ असा आवाज आला. मला वाटलं, बर्फ.

"लागलं का?" गाइडने वरून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "चला."

कॅम्पवर मला प्राणवायू लावला आणि तसंच खाली बेस कॅम्पला आणलं. इथे येईपर्यंत डोकं हलकं झालं. आज सकाळी तर भूकही लागली. एवढ्यात ठीक झालं म्हणजे फार काही नव्हतंच. वर आणखी थोडा दम खाऊन बसलो असतो तर कदाचित जमलं असतं. पण गाइड लोक भितात, त्यांनाही आपलं नाव जपायचं असतं.

बेबीताईला तसं फार वाटलेलं दिसत नाही. तंबूबाहेर दगडावर पाय लांब करून बसलीय, शिखराकडे पाठ करून.

८ मे

परतीची वाट. बेबीताई दोन काठ्यांवर रेलून चालते. पाय मुरगळलाय म्हणाली, पट्टी बांधलीय. गाइडने खालच्या वस्तीतून खेचर मागवलं, एकच मिळालं. तिच्यासाठीच मागवलं असावं, पण ती म्हणाली, "वहिनीला बसवा. तिचं डोकं अजून ताळ्यावर नाही." स्वयंपाकी हसला. मीही हसले. थोडं नको नको केलं आणि बसले.

खेचरावरून वळून पाहिलं तर ती बरीच मागे होती. गाइड तिच्याबरोबर चालत होता, तिची पिशवी त्याच्या खांद्यावर.

१५ मे

घर. नवऱ्याने घर बऱ्यापैकी जागेवर ठेवलंय, स्वतः मात्र वाळलाय. "ती घंटा," एवढंच म्हणाला आणि हात जोडले.

सासूबाईंनी बेबीताईचा लंगडता पाय पाहिला आणि म्हणाल्या, "म्हटलं होतं, कशाला जाताय. पाणी दे जरा."

लॅबमध्ये सगळे गोळा झाले. नव्या प्रमुखबाई स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या. "मॅडम, कुठवर गेलात?"

"शेवटच्या भिंतीपर्यंत. माथा समोर दिसत होता," मी म्हटलं. आणि पुढचं अगदी सहज आलं. "पण हवा बिघडली. ढग आले, वारा सुटला. अशा वेळी वळण्यातच शहाणपण."

"किती धीर लागतो त्याला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच आदर होता. मला तो घ्यावासा वाटला.

संध्याकाळी शेजारचे आले तेव्हाही तेच सांगितलं. थोडं वर्णनही केलं, वारा कसा शिट्ट्या मारत होता वगैरे. बेबीताई समोर स्टुलावर पाय ठेवून बसली होती. तिने मान हलवल्यासारखं केलं. जीव भांड्यात पडला. म्हणजे तिचंही तेच म्हणणं असणार.

२२ मे

सूज उतरेना म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे. आत आम्ही दोघी. त्यांनी गुडघा इकडून तिकडून हलवला, फिल्म उजेडावर धरली.

"हा कधी फाटला?"

"उतरताना," बेबीताई म्हणाली.

"आणि त्यानंतर किती चाललात?"

"गाडीरस्त्यापर्यंत."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग सांगितलं, सांधा बांधणारा आतला पट्टा तुटलाय, गादीही फाटलीय. ऑपरेशन लागेल. चालणं-फिरणं होईल, सपाटीवर. पोहणं हळूहळू सुरू करता येईल. "डोंगर मात्र आता विसरा. या वयात हा गुडघा परत तसला भार घेणार नाही."

"विसरले," ती म्हणाली, जणू कुणी छत्री विसरली का विचारावं.

मी तिथे बसून तो कट्‌ आवाज ऐकत होते. बर्फ नव्हता.

३० मे

ऑपरेशन नीट झालं. बेबीताई पलंगावर, म्हणून घंटा आता माझी. रजा वाढवली आहे. सासूबाईंना उठवायचं, बसवायचं, कूस बदलायची, पाय चोळायचे. पाणी हवं म्हणून घंटा, नको म्हणून घंटा, घंटा वाजते का बघायला घंटा. आज अंघोळीला गेले तर केस ओले असताना दोनदा बाहेर यावं लागलं. कंबर धरली. चिडून मी घंटा उचलून कपाटावर ठेवली, तर सासूबाई हाका मारू लागल्या. "बेबी! ए बेबी!"

आतून बेबीताई म्हणाली, "आले, आई." आणि मग आठवलं असावं. पलंग करकरला.

किती वर्षं ती हे करते? मी याच घरात होते. मला दिसत नव्हतं असं नाही. मला वाटायचं, तिला आवडतं.

९ जून

संध्याकाळी तिचा गुडघा वाकवायचे व्यायाम असतात. ते मी करून घेते. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, तिने गुडघा खाली दाबायचा, मग टाच धरून हळूहळू वाकवायचा. दुखतं. ती ओठ मिटून घेते. श्वास सोडताना घाई करत नाही.

तलावाचे व्यवस्थापक येऊन गेले. खोल पाण्याची बॅच दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल म्हणाले. "तुम्ही बऱ्या झालात की उथळ भागात लहान मुलं घ्या." बेबीताई त्यांना चहा विचारत होती.

१३ जून

आज तलावावरच्या बायका आल्या होत्या. खोलीभर हसणं. एकीने विचारलं, "बाई, वर काय काय दिसलं ते सांगा ना."

बेबीताई म्हणाली, "वर गेलोच नाही."

"हवा बिघडली ऐन वेळी," मी दारातून म्हटलं. आता हे वाक्य माझ्या आधीच बाहेर पडतं. "ढग इतके, की हाताला हात दिसेना."

बायका गेल्या. मी कप गोळा करत होते. बेबीताई खिडकीकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी आभाळ किती स्वच्छ होतं, वहिनी."

मी कप घेऊन उभी राहिले.

"काठी दिसत होती," ती म्हणाली. "माथ्यावरची. तुला दिसली होती?"

"दिसली होती."

"मग ढग कुठले आणतेस सारखे?"

मी म्हटलं, "लोकांना काय सांगायचं मग? तुम्हीही काही बोलला नाहीत. मला वाटलं..."

"मला गोळ्यांचं माहीत होतं," ती मधेच म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तंबूमागे जाऊन श्वास घेतलेस तेही. बायकांना श्वास धरायला नि सोडायला शिकवते मी, मला कळणार नाही?"

"मग गाइडला सांगितलं का नाहीत?" माझा आवाज चढला. खरंच चढला, त्या क्षणी मला वाटलं, सापडलं. चूक तिचीही आहे.

ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. मग जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"सांगितलं असतं तर तू बेस कॅम्पला राहिली असतीस आणि मी वर गेले असते. तो म्हणालाच होता ना तसं. मला जायचं होतं, वहिनी. इतकं जायचं होतं, की चुगली करून तुझ्या जागी जातेय असं वाटायला लागलं. म्हणून तोंडापर्यंत आलेलं गिळलं. तुला दोनदा विचारलं. म्हटलं, ही स्वतः सांगेल. एवढं तर करेल."

आत घंटा वाजली. दोघीही हललो नाही.

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी..."

"पुढचं वर्ष म्हणू नकोस." तिने पायावरची चादर सारखी केली. "मला राग आलाय. तिथे आला होता, वाटेत आला, त्या खेचरावर तू हसत बसलीस तेव्हा आला. अजून आहे. घरात कुणावर रागवायची मला सवय नाही, त्यामुळे तो कुठे ठेवायचा ते कळत नाहीये. तू जा आता. आईला बघ."

मी गेले. सासूबाईंना पाणी हवं होतं. त्यांना पाजताना माझ्याकडून त्यांच्या गळ्यावर सांडलं.

१४ जून

नवऱ्याला सगळं सांगितलं. गोळ्या, श्वास, हवा. तो ऐकत राहिला. "हवेचं मला आधीच कळलं होतं," म्हणाला. "तू एरवी कुठल्याच गोष्टीचं इतकं वर्णन करत नाहीस."

"मग बोलला का नाहीस?"

"बेबी बोलेल म्हणून वाट बघत होतो. तिने कधीतरी बोलावं असं वाटत होतं." मग म्हणाला, "ती शाळेत असताना जिल्ह्याच्या पोहण्याच्या शर्यतीला निवडली गेली होती. त्या आठवड्यात आई आजारी पडली आणि ती गेली नाही. कुणी थांब म्हटलं नव्हतं. कुणी जा पण म्हटलं नाही. मीसुद्धा."

तिला घेऊन जा असं तो का म्हणाला होता, ते मला आज कळलं.

१५ जून

लॅबमध्ये रजेचा अर्ज द्यायला गेले. नव्या प्रमुखबाईंनी एका पाहुण्याशी ओळख करून दिली. "या आमच्या मॅडम. माथ्याजवळून हवेमुळे परतल्या."

"हवा उत्तम होती," मी म्हटलं. "मी आजारी होते आणि ते लपवलं. माझ्यामुळे दुसरीला परतावं लागलं."

प्रमुखबाईंनी टेबलावरचे कागद सारखे केले. पाहुणा म्हणाला, "होतं असं." मी अर्ज ठेवून निघाले. वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. रस्त्यात मात्र सारखं हेच मनात येत होतं, की हे तिथे बोलून तिला काय मिळालं? हे २ मेला, तंबूत, एका माणसासमोर बोलायचं होतं.

बेबीताई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. जेवणाचं ताट ठेवलं, तिने घेतलं. ताट उचललं, तिने बाजूला सरकून दिलं. सासूबाईंनी दुपारी दोनतीनदा विचारलं, घरात एवढं गप्प का आहे सगळं.

संध्याकाळी व्यायामाची वेळ झाली तेव्हा मी स्वयंपाकघरातच थांबून राहिले. जावं की नको कळेना. ओटा पुसून झाला होता, तो परत पुसला. शेवटी गेले. तिच्या खोलीचं दार लावलेलं नव्हतं. ती पाय लांब करून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. टॉवेलची गुंडाळी करून तिने पलंगाच्या माझ्या बाजूच्या कडेला ठेवली होती.

मी बसले आणि ती तिच्या गुडघ्याखाली सरकवली.